वाऱ्याच्या वळणाचा सुरू

मित्रांनो, मी सुरू आहे. असे म्हटले की लोकांना वाटते एखादे यंत्रच बोलते आहे, म्हणून नीट सांगतो. मी सुरूचे झाड आहे. माझे भाऊबंद तीन मजली घराएवढे उंच होतात. मी नऊ वर्षांचा आहे आणि माझी उंची एक वीत चार बोटे आहे. माझी एक बाजू जवळजवळ बोडकी आहे. दुसऱ्या बाजूच्या फांद्या कुणीतरी मागे लागल्यासारख्या एकाच दिशेला पळत सुटल्या आहेत. पाहणारे म्हणतात, या झाडाने जन्मभर वारा खाल्ला असणार. खरे सांगू का, मी आयुष्यात एकदाच वारा खाल्ला, तोही जेमतेम अर्धा तास. बाकीचे सगळे तारेने झाले. ते होताना माझा, एका डॉक्टरबाईंचा आणि त्यांच्या वडिलांचा जो वैताग झाला, तो मला तुम्हाला सांगायचा आहे.

मी एका रोपवाटिकेत उगवलो. काळ्या पिशव्यांमध्ये आम्ही तीनशे रोपे रांगेत उभी होतो. आमचे काम ठरलेले होते. समुद्राकाठी वाळू अडवायला आम्हाला लावायचे होते. पण माझ्यावर एकदा खताचे पोते कलंडले. मी दोन दिवस त्याच्याखाली दबून राहिलो आणि बुंध्यापाशी कायमचा वाकलो. ट्रक भरताना माळ्याने मला उचलले, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिले आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवून दिले. ट्रक गेला. शेडखाली मी, एक फुटकी झारी आणि न विकलेली चार कोरफडीची रोपे राहिलो.

तिथेच डॉक्टरबाई आल्या. त्यांना दवाखान्यात ठेवायला एखादे हिरवे झाड हवे होते. माळी त्यांना मोठ्या पानांची रोपे दाखवत होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

माळी म्हणाला, "बाई, ते वाकडं आहे. घ्यायचंच असेल तर सरळ देतो दुसरं."

"सरळ नको," बाई म्हणाल्या. "सरळ करण्यातच माझा दिवस जातो."

त्या दातांच्या डॉक्टर होत्या. वेडेवाकडे दात तारेने ओढून रांगेत आणणे हे त्यांचे काम. त्यात त्यांचा हातखंडा होता, आणि तो होता हे त्यांना चांगलेच माहीत होते.

अशा रीतीने मी दवाखान्यात न जाता त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरचे घर होते, पुढे लहानशी गच्ची. घरात माणसे दोनच, बाई आणि त्यांचे बाबा. बाबा विजेच्या खात्यात लाइनमन होते. तीस वर्षे त्यांनी एका उंच पठारावर खांब चढून काढली होती. एकदा झटका बसल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे मिटत नसत. आता ते निवृत्त होते आणि गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसत.

मला पाहून बाबा म्हणाले, "दिवसभर वाकड्याचं सरळ करतेस, आणि आता घरी हे आणलंस. याचं काय करणार?"

"आणखी वाकडं," बाई म्हणाल्या.

बाई दर रविवारी बोनसायच्या वर्गाला जात. वर्ग घेणारे गृहस्थ पूर्वी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी वर्गात एक छायाचित्र दाखवले होते. कड्यावर एक झाड होते, बुंधा कलता, सगळ्या फांद्या एका अंगाला. ते पाहिल्यापासून बाईंना दुसरे काही सुचत नव्हते. मास्तरांनी बजावले होते, "पहिलं झाड उभं करा. वाऱ्याच्या वळणाचं सगळ्यांत शेवटी. दिसायला सोपं, करायला महाकठीण."

पण बाईंना वाटले, तार तर माझ्या रोजच्या हातातली. कठीण ते काय असणार?

त्यांनी माझी मुळे छाटली, मला एका उथळ कुंडीत बसवले आणि तिसऱ्या महिन्यात तार आणली. जाड तार बुंध्याला, मधली फांद्यांना, बारीक शेंड्यांना. त्यांची बोटे फार हलकी होती, हे मी मान्य करतो. एकही काडी दुखावली नाही. डावीकडच्या फांद्या त्यांनी बुंध्यावरून वळवून उजवीकडे आणल्या. उजवीकडच्या आणखी उजवीकडे ओढल्या. संध्याकाळपर्यंत मी डोक्यापासून पायापर्यंत तारेत होतो आणि माझे सगळे अंग एकाच बाजूला खेचले गेले होते. बाईंनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. दवाखान्यातल्या लोकांनी फार कौतुक केले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू. शेडखाली मला कुणी बरे म्हटले नव्हते.

दीड महिन्याने तार निघाली. चारच दिवसांत माझ्या फांद्या वर उठू लागल्या.

मित्रांनो, यात माझा खोडसाळपणा नव्हता. आम्ही झाडे उजेडाकडे जातो. ते आम्ही ठरवून करत नाही. पण बाईंना तो हट्ट वाटला. त्यांनी पुन्हा तार घातली, पुन्हा काढली, मी पुन्हा उठलो. तिसऱ्या वेळी त्या माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दात कसे, एकदा जागेवर आले की येतात. तुझं काय बिनसलंय?"

मला सांगायचे होते की दाताला वर ऊन नसते. पण सांगणार कसे? मी आपला उभा राहिलो. त्यांनी चौथ्यांदा तार गुंडाळली, या वेळी जरा घट्ट. वर्गाचे वार्षिक प्रदर्शन जवळ आले होते. एका वहीत त्यांनी तारीख लिहिली आणि पुढे लिहिले, 'दीड महिन्याने काढणे.'

प्रदर्शनात मला एका पांढऱ्या कापडावर ठेवले होते. मास्तर प्रत्येक झाडापुढे थांबून दोन शब्द बोलत होते. माझ्यापुढे ते बराच वेळ थांबले. बाई पदराशी चाळा करत बाजूला उभ्या होत्या.

"हात चांगला आहे तुमचा," मास्तर म्हणाले. "पण हे झाड वाऱ्यात वाढलेलं वाटत नाही. याला कुणीतरी बसून विंचरलंय."

मागे दोघेतिघे हसले. बाईही हसल्या. पण घरी येताना गाडीत त्यांनी रेडिओ लावला नाही, आणि मला गच्चीत ठेवताना नेहमीसारखी कुंडी फिरवून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलफॅन आणला.

हसू नका. माणूस वैतागला की त्याला काहीही पटते. बाईंनी पंखा माझ्या डाव्या बाजूला ठेवला, वायर खोलीतून ओढली आणि बटण दाबून दवाखान्यात निघून गेल्या. पंखा सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडावर. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. उथळ कुंडीत आमच्या जातीला पाणी फार लागते. कुंडीतली माती दुपारीच कोरडी ठणठणीत होई. बाबा दोनदा पंखा बंद करून गेले. बाईंनी तो पुन्हा लावला.

बाबा म्हणाले, "अगं, पंख्याचा वारा म्हणजे वारा नव्हे. हा एकाच जागी, एकसारखा. खरा वारा थांबतो, दिशा बदलतो, मग येतो अंगावर."

"बाबा, बोनसायमधलं तुम्हाला काय कळतं?"

"बोनसायमधलं काहीच कळत नाही. वाऱ्यातलं थोडं कळतं."

बाईंनी पंख्याचे बटण दाबले. बाबा आत गेले. या घरात बोलणे असेच अर्ध्यावर थांबत असे आणि दोघेही दुसऱ्याने पुढे बोलावे म्हणून वाट बघत.

नवव्या दिवशी माझी डावी बाजू तपकिरी झाली. हात लावला की काड्या गळत. बाईंनी पंखा उचलून पोटमाळ्यावर टाकला आणि मला पाण्याच्या टाकीमागे सरकवले. त्या रागावल्या होत्या. माझ्यावर की स्वतःवर, ते मला अजून कळलेले नाही. त्या गच्चीत येत, कपडे वाळत घालत आणि टाकीकडे न बघता आत जात.

मला पाणी बाबा घालत. चहाच्या गाळण्यातून, म्हणजे माती उडू नये. डावी बाजू गेली, पण उजवीकडे हळूहळू पुन्हा हिरवे फुटले, आणि फांद्या जाड होऊ लागल्या. इथेच खरे संकट सुरू झाले. तार अजून अंगावर होती. फांदी फुगत होती आणि तार तशीच होती. आधी ती टोचू लागली. मग सालीत बसली. मग साल तिच्यावरून वाढू लागली. सर्वांत वाईट दशा तळच्या लांब फांदीची होती. ती मुळात डावीकडची, बुंध्यावरून ओढून उजवीकडे आणलेली. तिच्यावर बाईंची सगळी भिस्त होती, आणि पंख्यातूनही तीच वाचली होती.

बाबांनी ते पाहिले. त्यांनी बाईंना सांगितले, "तार रुततेय झाडाला."

"रविवारी बघते, तुम्ही हात लावू नका," बाई म्हणाल्या. त्यांच्या कानाला फोन होता.

रविवार आला आणि गेला. बाबांनी पुन्हा सांगितले. बाई म्हणाल्या, "बघते म्हटलं ना." तिसऱ्या रविवारीही त्या आल्या नाहीत. मी रोज त्यांच्या पावलांकडे कान लावून असे. चप्पल दारापर्यंत येई, बादली खाली ठेवल्याचा आवाज होई, चप्पल परत जाई. मित्रांनो, ज्याला तोंड नाही त्याचा वैताग फार वाईट. तो कुणावर काढता येत नाही.

सोमवारी दुपारी बाबांनी मला टाकीमागून बाहेर काढले. खुर्ची उन्हात ओढली, चष्मा लावला. खरे तर तार कापून तुकड्यातुकड्यांनी काढायची असते. बाबांना ते माहीत नव्हते. त्यांनी टोक पकडले आणि तार उलगडायला घेतली. दोन वेढे निघाले. तिसरा सालीत गडप झाला होता. बाबांनी डाव्या हाताने फांदी धरली आणि उजव्या हाताने ओढले. पण उजव्या हाताची दोन बोटे मिटत नव्हती. पकड सुटली, हात घसरला आणि त्यांच्या हाताचा सगळा भार फांदीवर आला.

कट्कन आवाज झाला. बुंध्यापासून चार बोटांवर फांदी मोडली आणि सालीच्या एका पट्टीवर लोंबकळू लागली.

बाबा मला मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. बाई संध्याकाळी आल्या तेव्हाही ते तिथेच होते.

बाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावू नका."

"तार रुतली होती."

"म्हणून फांदी तोडायची?"

"तुला दोनदा सांगितलं."

"तुमच्या हाताला जमत नाही हे, बाबा. का करता मग?"

बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले. मग मला खाली ठेवले, अगदी जपून, आणि उठून आत गेले. त्यांची खुर्ची गच्चीत राहिली. पुढचे तीन आठवडे त्या खुर्चीवर कुणी बसले नाही.

त्या घराचे पुढचे तीन आठवडे काय सांगू? "जेवण झाकून ठेवलंय." "औषध घेतलंत?" "घेतलं." एवढेच शब्द खिडकीतून माझ्यापर्यंत येत. पाणी आता बाई घालत, घाईत, नळीने. लोंबकळणारी फांदी वाळून करडी पडली. मला राहून राहून वाटे, कुणीतरी तिथली साल नीट बघा. त्या म्हाताऱ्याने उगीच नाही हात घातला. ते दिसेल, फक्त खाली वाकून बघा.

शेवटी एका रविवारी बाई कटर घेऊन बसल्या. मेलेली फांदी त्यांना कापून टाकायची होती. त्यांनी तिला बोटात धरले आणि त्या थांबल्या. मोडल्या जागेपाशी तार दिसतच नव्हती. ती पूर्ण लाकडात गेली होती, तीन वेढे, आणि प्रत्येक वेढ्यापाशी फांदी आवळून निम्मी झाली होती. बाबांनी ओढली नसती तरी ती फांदी महिन्याभरात गेलीच असती. बाई उठल्या, वही घेऊन आल्या. 'दीड महिन्याने काढणे.' त्यांनी बोटांवर महिने मोजले. चार भरले होते.

मग बाकीची तार त्यांनी एकेक तुकडा कापून काढली. शेवटचा तुकडा निघाल्यावर त्या बाबांच्या खिडकीशी गेल्या. बाबा आत वर्तमानपत्र वाचत होते, निदान तसे दाखवत होते.

"बाबा."

"हं."

"तार खूपच रुतली होती."

"हं."

मला वाटले, आता पुन्हा अर्ध्यावर राहणार. पण बाईंनी गजाला धरून विचारले, "पठारावरची झाडं कशी होती हो?"

वर्तमानपत्र खाली आले. बाबा म्हणाले, "सांगून नाही कळायचं."

पुढच्या रविवारी आम्ही तिघे पठारावर गेलो. बाई गाडी चालवत होत्या आणि मी बाबांच्या मांडीवर होतो. मला कशाला नेले ते विचारू नका. बाई निघताना म्हणाल्या होत्या, "हेही बघू दे," आणि मग स्वतःच ओशाळल्या होत्या.

पठारावर गाडीचे दार उघडले आणि वारा आला. मित्रांनो, मी घाबरलो. पंखा ढकलत असे, हा हिसकावत होता. मध्येच सोडून देई आणि मी सावरतो न सावरतो तोच दुसरीकडून येई. बाबांनी मला एका दगडावर ठेवले आणि विजेच्या खांबांच्या रांगेकडे बोट केले. खांबांच्या कडेने चारपाच खुरटी झाडे होती.

"ते बघ. वाऱ्याच्या बाजूलाही फांद्या आहेत का नाहीत?"

"आहेत. पण मेलेल्या."

"फुटतात तिथेही. वाऱ्याच्या तोंडावरच फुटतात. वारा खुडतो, त्या पुन्हा फुटतात. तू त्या बाजूला काही ठेवलंच नाहीस. आणि सगळ्या फांद्या सारख्या कुठायत? ही मोठी, ही मोडकी, मध्ये नुसतीच मोकळी जागा."

"मला वाटलं, वारा वाकवतो."

"थोडं वाकवतो. मोडतो जास्त. मी तीस वर्षं ते मोडलेलं तारांवरून काढलंय."

बाई त्या झाडांभोवती फिरत राहिल्या. त्यांना पुष्कळ पटत होते आणि काही पटत नव्हते. त्या म्हणाल्या, की फांद्या नुसत्या मोडल्या तर झाड देखणे कसे होणार. बाबा म्हणाले, देखणे करायला सांगितले कुणी. दोघे तिथे वाऱ्यात उभे राहून मोठमोठ्याने भांडू लागले. घरात गेलेले तीन आठवडे भरून काढावेत तसे भांडले. त्या नादात माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. एक झोत आला आणि मी दगडावरून खाली गेलो.

कुंडीचे चार तुकडे झाले. माझा शेंडा मोडला. मुळे उघडी पडली आणि वारा त्यांतली माती उडवू लागला. बाई धावल्या. बाबांनी गळ्यातला पंचा सोडून पिण्याच्या पाण्यात बुडवला, आणि दोघांनी मिळून मला त्यात गुंडाळले. परतीच्या वाटेवर बाबा तासभर तो पंचा ओला करत होते. बाई दर पाच मिनिटांनी विचारत, "ओला आहे ना?"

घरी दुसरी कुंडी नव्हती. बाईंनी दवाखान्यातला अवजारे ठेवायचा जुना स्टीलचा ट्रे आणला. बाबांनी ड्रिलने त्याला भोके पाडली. ड्रिल त्यांनी डाव्या हाताने धरले आणि ट्रे बाईंनी धरला. मोडलेली फांदी बाई कापणार होत्या ती बुंध्यापासून कापली नाही. लोंबणारा तुकडा काढून, वरची साल सोलून तिचा टोकदार करडा खुंट डावीकडे तसाच ठेवला. मेलेल्या बारीक फांद्यांपैकीही तीन ठेवल्या.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे तुम्हाला वाटत असेल. तसे काही झाले नाही. मी दीड वर्ष काहीच केले नाही, नुसता जगलो. मग फुटलो तो नको त्या जागी. बाई म्हणत ही फांदी काढू, बाबा म्हणत राहू दे, एक पावसाळा बघ. बाई म्हणत तुमचे बघणे कधी संपणार. एकदा बाईंनी न विचारता फांदी काढली आणि बाबा दोन दिवस गच्चीत आले नाहीत. एकदा बाबांचेच चुकले आणि त्यांनी ते कबूल केले नाही. असे करत चार वर्षे गेली.

चार वर्षांनी मला पुन्हा प्रदर्शनात नेले. त्याच मास्तरांनी मला पाहिले. त्यांचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते. ते वाकले, डावीकडून पाहिले, मग चष्मा काढून पुन्हा पाहिले.

"हा मोडका खुंट," त्यांनी विचारले, "हा तुम्ही केलात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी."

बाबा मागे काठी टेकून उभे होते. सगळ्यांनी वळून पाहिले तेव्हा ते गडबडले. म्हणाले, "चुकून मोडली हो. हात घसरला होता."

मास्तर म्हणाले, "वारा तरी कुठं ठरवून मोडतो?"

बक्षीस मला मिळाले नाही. ते एका फळे लागलेल्या सरळ झाडाला मिळाले. येताना गाडीत बाईंनी रेडिओ लावला, आणि त्या झाडाचा बुंधा कसा बेढब होता यावर बापलेकींचे घरापर्यंत एकमत होते. त्यांचे एकमत झालेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. एवढेच सांगतो. तुम्ही कुणाला वळण लावायला निघाला असाल, झाडाला, जनावराला, नाहीतर तुमच्याहून लहान कुणाला, तर जरूर लावा. पण तार घालून निघून जाऊ नका. दर आठवड्याला खाली वाकून, तिच्याखाली काय चालले आहे ते बघा. आणि घरातले कुणी म्हणाले की रुतते आहे, तर त्याच दिवशी उठा.

आज रविवार आहे. मागच्या महिन्यात बाईंनी माझ्या नव्या शेंड्याला बारीक तार घातली. ती कालपासून टोचते आहे. बाबांना आता नीट दिसत नाही, पण ते बोटाने चाचपतात. मघाशी त्यांनी चाचपून पाहिले आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ये जरा इकडे."

"आले," बाई आतून म्हणाल्या. "दोन मिनिटं."

"दोन मिनिटं नाही. आत्ता."

भांडी ठेवल्याचा आवाज आला. बाई पुटपुटत, ओल्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांच्या हातात कटर होता.